म्हैस पान्हा चोरते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यातले तबेले आता टॉवरांच्या आड गेले, तरी आमच्या सोसायटीत रतिबाचं दूध अजून येतं. महिन्यातून एकदा तरी दूधवाले दादा म्हणतात, "आज म्हशीनं पान्हा चोरला, अर्धा लिटरच घ्या." शेजारच्या काकूंना हा बहाणा वाटतो. मी पशुवैद्य, मला नाही वाटत.

कास म्हणजे नळ लावलेली टाकी नव्हे. धार काढायला बसता तेव्हा गाईचं साधारण पाचवा हिस्सा दूध सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं. म्हशीचं शेकडा 5 च्या आसपास. बाकीचं वर, बारीक पिशव्यांत. पारडू ढुशी देतं, किंवा हात कासेवरून फिरतो, तशी मेंदूला वर्दी जाते. मग ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तातून कासेत येतं आणि त्या पिशव्या आवळल्या जातात. हाच पान्हा. म्हशीला त्यासाठी दोनेक मिनिटं लागतात आणि तो टिकतोही काही मिनिटंच. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, नवा माणूस बसला, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, की भीतीचं अॅड्रिनलिन आडवं येतं. दूध तयार असतं, पण वरच अडकतं.

खरं नुकसान पुढे आहे. दूध कासेत साचून राहिलं की कास दूध बनवणंच कमी करते. आणि हा हिशेब प्रत्येक सडाचा वेगळा! एक सड पिळायचा सोडा, तेवढाच आटतो; उरलेले तीन चालू. विण्याआधी दोन महिने म्हैस आटवतात, ती याच जोरावर. उलट दिवसात दोनऐवजी तीनदा धार काढली तर दूध वाढतं. अर्थात पोटात तेवढं गेलं पाहिजे. दुधातली साखर रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते आणि तीच कासेत पाणी ओढून घेते. साखर कमी, तर दूधही कमी. एक लिटर दुधासाठी कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरतं. नुसत्या कडब्यावर हे कसं निभावणार?

आता इंजेक्शन. काही तबेल्यांत ऑक्सिटोसिन टोचून धार काढतात. त्यानं पान्हा सुटतो हे खरं, पण रोज सुईची सवय लागलेली म्हैस हाताला पान्हावेनाशी होते. मला तर हा आळशीपणाच वाटतो. जनावराला अपाय करून दूध काढण्यासाठी असं टोचणं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

त्यापेक्षा वेळ पाळा, माणूस तोच ठेवा. बादलीच्या खणखणाटानंही म्हैस पान्हावते, कारण पुढे काय होणार ते तिला ठाऊक असतं. माझ्या ओळखीच्या एका तबेल्यात पहाटेचा रेडिओ लागला की सडांतून थेंब गळू लागतात. तिथे कुणी आत्ता ऐकत असाल, तर कृपा करून आवाज एकदम मोठा करू नका.