ओढली की सुटली पाहिजे

हा व्हिडिओ गाठींचा, त्यामुळे हात बघा फक्त. पहाटेचं मार्केट यार्ड आहे, पुण्यातलं, गुलटेकडीचं, मागे गोंगाट चाललाय तो चालू दे, तुम्ही या मामांचे हात बघा. ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्या रचून झाल्यात, वर ताडपत्री पडलीय, आणि आता एकच लांब दोर या बाजूने त्या बाजूला जाणार. गेला. पलीकडे पोरगा उभाच आहे, त्याने फाळक्याखालच्या हुकात अडकवला आणि परत इकडे भिरकावला.

आता खरी गंमत. दोर छातीच्या उंचीवर आला की मामा त्याला एक पीळ देतात, खालचा दोर दुमडून त्या पिळातून थोडासा वर काढतात, झाला एक डोळा. मग उरलेला दोर खाली हुकाखालून घ्यायचा, वर आणून त्याच डोळ्यातून ओवायचा, आणि मग एक पाय टायरवर देऊन सगळं अंग मागे टाकून ओढायचा. ताडपत्री कशी गपकन बसली बघितलं? (इथे तेच पुन्हा, स्लो करून.)

तर हा डोळा आणि तो हूक मिळून कप्पीचं काम करतात. कागदावर हिशोब मांडला तर लावलेल्या जोराच्या तिप्पट ताण मिळतो, प्रत्यक्षात दोर दोरावर घासतो त्यात त्यातला बराचसा जातो, पण उरतो तोही नुसत्या हाताच्या ओढीपेक्षा चांगलाच जास्त. आणि शेवट बघा, हे महत्त्वाचंय, मामा टोक पूर्ण ओवत नाहीत, डोळ्यापाशी चिमटीत घट्ट धरून ठेवतात आणि दुमडून अर्धंच सारतात. सुरगाठ. इतक्या ताणाखाली असलेला दोर गाडी रिकामी करताना एका हिसक्यात मोकळा होतो, कात्री नाही, दात नाही, शिव्या नाहीत. इंग्रजीत या अख्ख्या बांधणीला ट्रकर्स हिच म्हणतात, मामांना नाव विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला, गाडी बांधायची गाठ."

आणि आपण काय करतो? निरगाठ, तिच्यावर अजून एक निरगाठ, मनात धाकधूक असेल तर तिसरी, आणि घर शिफ्ट झाल्यावर सुरी घेऊन नवाकोरा दोर कापत बसायचं. नाडीला निरगाठ बसल्यावर काय होतं ते तर सांगायलाच नको. शाळेत आपल्याला इतकी वर्षं कार्यानुभव होता पण गाठ कुणी शिकवली नाही, स्काउटवाल्या पोरांना तेवढी प्रथम सोपानातच येते, बाकीचे सगळे रामभरोसे. गाडीतून माल सुटून रस्त्यावर पडतो तेव्हा मागून येणाऱ्या टू-व्हीलरवाल्याचं काय होतं ते माहितीच आहे. पुढे जाऊ.

हे बूट. ग्राउंडवरच्या एका पोराचे. डावा बघा, लेसचं फुलपाखरू बुटावर आडवं बसलंय, आणि उजवा बघा, तिरकं होऊन बोटांकडे तोंड करून लोळतंय. दोन्ही त्यानेच बांधलेत! फरक एवढाच की डाव्या बुटात पहिल्यांदा उजवी लेस डावीवर घेतली आणि दुसऱ्यांदा उलट, उजव्यात दोन्ही वेळेला एकाच बाजूने. २०१७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पळणाऱ्या बुटाचं हाय-स्पीड शूटिंग केलं, तेव्हा दिसलं की पाय जमिनीवर आपटतो तो झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट असतो, त्याने गाठ सैल होते, आणि लेसची मोकळी टोकं पुढेमागे झुलत ती ओढून काढतात. आडवी बसलेली गाठ जास्त टिकते, तिला रीफ नॉट म्हणतात. मात्र ही पार्सल, बँडेज, बूट एवढ्यालाच. दोन दोर जोडायला कधीच नको, एका टोकाला वाकडा हिसका बसला की उलटते आणि सरळ घसरून निघते.

दोन दोर जोडायचे तर हर्णै बंदरावर बसलेल्या या काकांना विचारा. जाळं दुरुस्त चाललंय, हातात प्लास्टिकची सुई आहे, आणि बोलता बोलता, आमच्याकडे बघत, एकेक घर पुरं होतंय. एक दोर दुमडायचा, दुसऱ्याचं टोक त्या दुमडीतून खालून वर काढायचं, दोन्ही पदरांच्या मागून वळसा घालून स्वतःच्याच खाली अडकवायचं. संपलं. एक दोर जाड आणि एक बारीक असला तरी चालतं, फक्त दुमडायचा तो जाडा.

आणि हे इचलकरंजी. ताण्यातला, म्हणजे उभा धागा तुटला, माग थांबला, आणि बाईंनी डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडला. थांबवून बघितलं तर गाठ तीच निघाली, बंदरावरची! इथे ती बारीकच लागते कारण मागाच्या फणीतून पार व्हायचीय. समुद्रात मासा धरणारी आणि कापडात दिसूनसुद्धा न येणारी गाठ एकच, हे आम्हाला दोन्ही फुटेज शेजारी लावल्यावर लक्षात आलं.

मावळातल्या गोठ्यात मात्र उलटी काळजी. बैलाच्या गळ्यात सरकता फास कधीच नाही, तिथे न सरकणारा फेरा हवा, ओढलं तरी आवळत नाही असा. ट्रेकवाले बोलाइन घालतात तीही याच जातीची. खुंट्याला मात्र सुरगाठ. गोठ्यात आग लागली तर दावं एका ओढीत सुटलं पाहिजे, नाहीतर जनावर जागेवर जातं.

सराव करायचा असेल तर सुतळी नको, बोटं सोलतात. कपडे वाळत घालायची सुती दोरी घ्या, करंगळीएवढी जाड, दोन मीटर, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, आणि खुर्चीच्या पायाला बांधत बसा टीव्ही बघताना. नायलॉन घेतलीत तर ती निसरडी असते, एक वेढा जास्त द्या आणि टोक वीतभर तरी मोकळं सोडा. कापलेली टोकं पिंजतात, नायलॉनची मेणबत्तीवर धरून वितळवायची, गरम असताना हात लावू नका, आणि सुतीला दोऱ्याचे आठदहा घट्ट वेढे द्यायचे.