माका मे म्हयन्यात होया

नमस्कार मंडळी. आज महागाईवर बोलायचंय, म्हणजे खरं तर महागाई कमी करतो म्हणणाऱ्या उमेदवाराचं ऐकायचं कसं यावर बोलायचंय, आणि त्यातही तो उमेदवार चांगला पैसेवाला असेल तर.

पैसेवाला उभा राहिला की वाडीत दोन सूर निघतात. एक म्हणतो, अरे त्याच्याकडे एवढं आहे, तो कशाला खाईल. दुसरा म्हणतो, ज्याने जन्मात कधी दुकानात उधारी केली नाही त्याला महागाई काय कळणार. मला यातलं एकही पटत नाही. पैसा असणं हा गुन्हा नाही आणि ती लायकी पण नाही. मधु दंडवते प्राध्यापक माणूस, राजापूरचे खासदार १९७१ पासून १९९१ पर्यंत, ते रेल्वेमंत्री झाले तेव्हा सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम आला. रात्रभर लाकडावर झोपून मुंबईला जाणाऱ्याची पाठ कुठे दुखते ते त्यांना माहीत होतं, बास. मग ते माहीत असायला गरीब असावं लागतं की श्रीमंत, हा प्रश्नच नाही, विचारावं लागतं एवढंच. आणि जो विचारतो त्याला कळतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेच आज सांगतो.

माझ्या मामाचं किराणा दुकान आहे, मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी, वाडी सगळी मच्छीमारांची. कॉलेजच्या दिवसांत मी सुट्टीला गेलो की गल्ल्याशेजारी बसून उधारीची वही लिहायचो आणि ती सवय नोकरी लागल्यावरही सुटली नाही, गावी गेलो की वही माझ्याकडे. त्या वर्षी निवडणूक होती, साल आणि नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. उमेदवार मूळचा गावाकडचाच, मुंबईत धंद्यात भरपूर कमावलेला, दोन मोठ्या गाड्या घेऊन प्रचाराला आला आणि आमच्या दुकानासमोरच्या पिंपळाच्या पारावर बसला. पत्रकं वाटली. पत्रकात पहिलंच मोठ्या अक्षरात, महागाईवर मात, दर गणपतीला घरटी मोफत शिधा, पाच लिटर तेल, रवा, साखर, चणाडाळ, गूळ. सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला होता ना, त्याच्यापेक्षा मोठं किट आणि तेही फुकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या वाडीतली एक काकी, साठीच्या पुढची, घरवाला आयुष्यभर खलाशी, स्वतः डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेली, ती तेव्हा दुकानात मीठ घ्यायला आलेली. तिने पत्रक घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि माझ्या हातातून वही ओढून घेतली, स्वतःचं पान काढलं आणि सरळ पारावर जाऊन त्या माणसाच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "सायबानू, तुमी शिकलेले, ह्या जरा वाचून दाखवा माका."

तो वाचायला लागला. अक्षर माझं. पाव लिटर तेल, ४५ रुपये. चहा पावडर, दहाची पुडी. साखर पाव किलो. मिरची पूड, पाचची पुडी. दोन दिवस सोडून परत पाव लिटर तेल, ४५. परत चहाची पुडी. साबण एक, छोटा. परत तेल. सगळं पान असं, जून महिन्याचं पान होतं ते, वरून खालपर्यंत पुड्याच पुड्या. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग तो थांबला आणि मामाला विचारलं, पंधरा लिटरचा डबा केवढ्याला? मामा म्हणाला २,२५०. त्याने हिशोब केला, म्हणजे लिटर १५० ला पडतो, आणि ही बाई लिटरला १८० देते. माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही जास्त लावता का? मामाने शांतपणे सांगितलं, साहेब, सुटं मापताना तेल सांडतं, माल चार महिने उधारीवर जातो, मला पण घाऊकवाल्याला पैसे द्यायचे असतात. हे खरं होतं आणि त्याला ते पटलं, धंदेवाला माणूस होता.

मग त्याने काकीला विचारलं, काकी तुम्ही डबाच का नाही घेत, चार घरांत वाटून घ्या, स्वस्त पडेल. काकी म्हणाली, "डबो घेवक एकदम दोन हजार खयसून हाडू? मिरग लागलो की घो घरात बसता, पोरांची शाळा सुरू होता, आनि हातात पैसो नाय." आणि मग ते वाक्य बोलली ज्याच्यासाठी मी आज ही सगळी गोष्ट सांगतोय. म्हणाली, "गणपतीक सगळेच देतत. माका मे म्हयन्यात होया."

मंडळी, हे परत सांगतो कारण यात सगळं आलं. गणपतीला सगळेच देतात, मला मे महिन्यात पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ६१ दिवस, माशांना वाढायला वेळ मिळतो, ते बरोबरच आहे, ती बंदी पाहिजेच. बिगरयांत्रिक होडीला बंदी नाही पण पावसाच्या त्या समुद्रात ती घालणार कोण. म्हणजे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जाईपर्यंत घरात आवक नाही. ज्याच्या हातात मे महिन्यात पैसे असतात तो बेगमी करतो, सुके बांगडे, जवळा, कुळीथ, सोलं, मसाला, तेलाचा डबा, लाकूडफाटा, सगळं भरून ठेवतो आणि पाऊस आरामात काढतो. ज्याच्या हातात नसतात तो तेच सामान आषाढात पुडीपुडीने, उधारीवर, जास्त भावाने घेतो. गणपतीपर्यंत बोटी परत सुरू झालेल्या असतात, चाकरमानी आलेले असतात, चार पैसे फिरत असतात, तेव्हा शिधा आला तर चांगलंच आहे, पण चटका बसायचा तो बसून गेलेला असतो. एकच तेल, एकच दुकान, फक्त महिना वेगळा.

(आणि ह्या पुड्यांबद्दल जाता जाता बोलूनच घेतो. शांपूची पुडी, चहाची पुडी, मसाल्याची पुडी, लोकांना वाटतं गरिबाला परवडावं म्हणून काढल्यात, पण किलोचा हिशोब केला तर ती दर वेळी स्वस्तच पडते असं नाही, आणि वर रिकामी पुडी आमच्या खाडीत. ओहोटीला कांदळवनाच्या मुळांत बघा जाऊन, चिखल कमी आणि पुड्या जास्त. यावर बंदी का येत नाही ते मला कळत नाही आणि मी हे दर वेळी बोलत राहणार.)

तर त्या माणसाने काय केलं. हसून टाळलं नाही. खिशातून पेन काढलं आणि पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकीकडून हिशोब लिहून घेतला. घरात माणसं किती, दोन महिन्यांना तेल किती, डाळ किती, मिरची, चहा, कांदे, रेशनचा तांदूळ येतो तो सोडून. घरटी साधारण साडेचार हजार निघाले. वाडीत घरं बावीस. म्हणजे ९९ हजार. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला आणि म्हणाला, माझ्या कमानी आणि बॅनरला याच्यापेक्षा जास्त गेलेत. सगळ्यांसमोर म्हणाला.

संध्याकाळच्या सभेत त्याने किटचं सोडून दिलं आणि सांगितलं की मे महिन्यात बचत गटांना बेगमीसाठी बिनव्याजी रक्कम मिळेल असं करू, नारळी पौर्णिमेनंतर हप्त्याने फेडायची. खरं सांगतो, सकाळच्या फुकट किटला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या याला पडल्या नाहीत. तो निवडून आला नाही. पण बायकांनी ते पत्रक जपून ठेवलं होतं, मागची बाजू. त्याच हिशोबावर त्यांनी भिशी सुरू केली, घरटी आठवड्याला शंभर, कमी पडले ते गटाच्या नावावर बँकेतून काढले, आणि मामाने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो करून घाऊक बाजारातून डबे आणि डाळीची पोती आणली, भाड्याचे आणि थोडे मेहनतीचे पैसे घेऊन. त्या जूनमध्ये काकीच्या पानावर दोनच नोंदी होत्या, मीठ आणि आगपेटी.

वेळ होत आलाय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. उमेदवार श्रीमंत असो नाहीतर साधा, महागाईवर बोलला की दोन प्रश्न विचारायचे. तू म्हणतोस तो भाव कुणाच्या हातात आहे? आणि तुझी मदत कुठल्या महिन्यात येणार? परत सांगतो, कुणाच्या हातात आणि कुठल्या महिन्यात.

तेलाचं घ्या. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरच्या देशांतून येतं आणि त्यावरचा आयात कर दिल्लीत ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचा, म्हणजे कच्च्या खाद्यतेलावरचा कर सगळं मिळून साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला, मे २०२५ च्या शेवटी तो साडेसोळावर आणला. तो वाढवला तेव्हा कारण सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हे होतं, आणि विदर्भ मराठवाड्यातला तो शेतकरी पण आपलाच आहे, त्यामुळे तेल स्वस्त करतो म्हणणाऱ्याने त्याचं काय करणार तेही सांगायला पाहिजे. पेट्रोल डिझेल जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचा कर वेगळा आणि राज्याचा व्हॅट वेगळा, मच्छीमार सोसायट्यांचा डिझेल परतावा, म्हणजे बोटीच्या डिझेलवर भरलेल्या व्हॅटचे परत मिळणारे पैसे, राज्याकडून येतो आणि तो वेळेत येणं हीच आमच्याकडे केवढी मोठी महागाईविरोधी योजना आहे. रेशनचं धान्य २०१३ च्या कायद्याने प्राधान्य गटातल्या घरांना माणशी पाच किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. यातलं काहीच जिल्हा परिषदेच्या सदस्याच्या हातात नाही. त्याच्या हातात रस्ता आहे, पाणी आहे, शाळा आहे, सुकी मासळी विकणाऱ्या बायका मे महिन्याच्या उन्हात रस्त्याच्या कडेला बसतात त्यांच्या डोक्यावर पत्र्याची शेड घालता येते की नाही हे बघणं आहे. आमदार असेल तर तो विधानसभेत डिझेल परताव्यावर बोलू शकतो. ज्याचं त्याला विचारा.

आणि पैशाचं म्हणाल तर उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर हे सक्तीचं झालं, जमीन, दागिने, रोकड, कर्ज, गुन्हे, शिक्षण, नवराबायको दोघांची मालमत्ता, सगळं त्यात असतं आणि कुणालाही बघता येतं. मालमत्तेचा आकडा बघून डोळे मोठे करू नका, कर्जाची बाजू पण वाचा, कुठे किती येणं आहे आणि कुणाचं देणं आहे ते वाचा. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, आपल्या तालुक्यात किती कमानी उभ्या राहिल्यात ते बघून तुम्हालाच अंदाज येईल.

विचारायला लाजू नका. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्यांना पण कुणी आधी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं, घरातला डबा रिकामा होता तेवढं त्यांना माहीत होतं.

ज्यांना आपल्या वाडीत अशी बेगमीची भिशी करायचीय त्यांनी शिमगा झाला की पैसे जमवायला लागा, त्याच्यापेक्षा उशीर नको, आणि माल मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उचला, शेवटच्या आठवड्यात सगळेच बाजारात उतरतात आणि टेम्पोवाला पण मिळत नाही. डाळ घेताना उन्हात एक दिवस नीट वाळवून मगच डब्यात भरा, आपली हवा माहीत आहेच. पुढच्या बुधवारी याच वेळेला सुक्या मासळीबद्दल बोलू, जवळा जुना की नवा ते कसं ओळखायचं वगैरे. नमस्कार.