शारजा पुण्याला निघाली

(पडद्यावर पहाट. कात्रजचा जुना घाट. पावसाची भुरभुर.)

पत्र अगदी छोटं आहे. मोठ्यानं वाचलं तरी दोन मिनिटांत संपतं. सावित्रीबाईंनी ते २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून, म्हणजे आपल्या माहेराहून, पुण्याला जोतीरावांना लिहिलं. त्या दोन मिनिटांत दोन जीव मरणाच्या दारातून परत येतात. खरं तर तीन.

गणेश नावाचा एक ब्राह्मण पंचांग घेऊन गावोगाव फिरायचा, त्यावर पोट भरायचा. शारजा महार समाजातली, कोवळ्या वयाची मुलगी. दोघांचं प्रेम जमलं. ती सहा महिन्यांची गरोदर असताना गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरलं, गावातून फिरवलं आणि जिवे मारायची तयारी केली. सावित्रीबाईंच्या कानावर आलं तशा त्या धावत गेल्या. माणसं मारलीत तर इंग्रज सरकारच्या कायद्यानं काय होईल, हे त्यांनी जमावाला सुनावलं. जमाव मागे हटला, पण एका अटीवर: दोघांनी गाव सोडायचं. दोघांनी ते कबूल केलं, बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. या दोघांना तुमच्याकडे पाठवते आहे, असं कळवून पत्र थांबतं.

मी ऐतिहासिक कथा लिहितो. आजवर पुष्कळ कागद हाताखालून गेले, पण हा कागद मला सोडत नाही. कारण तो त्या दोघांना वाटेत सोडून संपतो. नायगाव मागे पडलंय, पुणं अजून लांब आहे, आणि पोटुशी मुलगी चालतेय. त्यांना पुण्यात पोचवणं हे माझं काम आहे असं मला मनापासून वाटतं. पत्रात आहे तेवढं खरं. वाटेतलं मी रचलेलं.

(पडद्यावर पंचांगाची जुनी पानं. पान उलटल्याचा आवाज.)

गणेशबद्दल आपल्याला त्याचा धंदा ठाऊक आहे. शारजाबद्दल काय ठाऊक आहे? जात आणि गरोदरपण. बस्स. ज्या दोन गोष्टींसाठी तिला मारायला निघाले, तेवढ्याच. म्हणून कथेत मी आधी तिला हात दिले. शेणानं सारवलेली जमीन, जळण गोळा करताना तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा, कपाळावरचं गोंदण. आधी ती माणूस म्हणून दिसू दे, जात मागाहून कळू दे.

आणि मग मला एक तारीख सापडली.

पत्राच्या ११ दिवस आधी, १८ ऑगस्ट १८६८ला, सूर्यग्रहण होतं. साधंसुधं नव्हे, खग्रास. सावलीचा पट्टा जमखंडीवरून पुढे गुंटूरकडे गेला. ते पाहायला युरोपातून शास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन आले होते. सूर्याच्या कडेच्या प्रकाशात त्या दिवशी दिसलेल्या एका पिवळ्या रेषेनंच पुढे हेलियम या मूलद्रव्याचा माग लागला. नायगाव त्या पट्ट्याच्या उत्तरेला, तिथं ग्रहण खंडग्रास. पण सकाळच्या उन्हाचा रंग उतरावा एवढं मोठं. दिवस श्रावण अमावास्येचा, पिठोरीचा. लेकराबाळांच्या आयुष्यासाठी आयांनी उपास धरायचा.

आता बघा. ग्रहणाचा स्पर्श कधी, मोक्ष कधी, हे गावाला कोण सांगणार? पंचांगवाला. गणेश. आणि ग्रहण सुटेपर्यंत 'दे दान, सुटे गिराण' असं ओरडत दारोदार कोण फिरणार? गावकुसाबाहेरची माणसं. एरवी ज्यांची सावलीही चालत नाही, त्यांना ग्रहणाच्या दिवशी दान घ्यायला बोलवायचं, ही रीतच होती. म्हणजे वर्षाकाठी एखाद्याच सकाळी गणेश आणि शारजा एका गल्लीत, सगळ्यांच्या देखत उभे राहू शकत होते.

माझ्या कथेत शारजा त्या दिवशी घरातून निघतच नाही. ग्रहणात गरोदर बाईनं चिरू नये, कापू नये, हालू नये; बाळाला व्यंग येतं म्हणतात. तिचं पोट अजून कुणाला ठाऊक नाही. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून ताठ बसलीय, आणि ती अशी का बसलीय ते तिच्या आईला कळतं. आई बोलत नाही. चुलीपुढची विळी उचलते आणि लेकीच्या हाताला लागणार नाही अशी लांब, पाटीखाली सरकवते.

तिकडे ओट्यावर गणेश लोकांना मोक्षाची वेळ सांगतोय, आणि त्याच्या तोंडाला कोरड पडलीय.

(पडद्यावर गावाची वेस. माणसांचा गलका, मग शांतता.)

जमावासमोर एकटी बाई कशी उभी राहिली असेल? सावित्रीबाई तेव्हा ३७ वर्षांच्या. त्या खंडोजी नेवसे पाटलांच्या कन्या. पाटलाच्या लेकीला नायगावात कुणी सहज ढकलून देणार नव्हतं. पण अंगाला हात न लावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. त्यांनी दयेची भीक मागितली नाही, कायदा पुढे केला. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ला लागू झाली होती. खुनाची सजा मारणाऱ्याची जात आणि मरणाऱ्याची जात पाहून ठरत नाही, ही गोष्ट गावाच्या कानांना अजून नवीच होती.

इथं एक बोलायला हवं. जात म्हणजे वंश नव्हे. गणेश आणि शारजा शेजारी उभे राहिले तर दोघांचा रंग एकच असेल कदाचित. तरी जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवलं होतं. पुण्यात बसलेल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या बेड्यांचा आवाज ओळखीचा वाटला. आणि तिकडेही बेड्या तुटल्या म्हणून प्रेमाला वाट मिळाली असं झालं नाही. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी घालणारे तिथल्या राज्यांचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं थेट १२ जून १९६७ला रद्द ठरवले.

(पडद्यावर नीरा. मातकट, भरलेलं पाणी.)

भाद्रपदातली नीरा. शिरवळ मागे टाकून ती ओलांडायची, मग खेड शिवापूर, मग कात्रजचा घाट. एकट्या गड्याला दोन दिवसांची पायपीट, हिच्यासोबत तीन. गणेशकडे पंचांग आहे, पण आता कुठल्या ओट्यावर ते उघडणार? लोक आधी विचारणार, ही कोण?

घाट उतरल्यावर त्यांच्यासोबत पाणीही पुण्याकडे चालतं. कात्रजच्या तलावातून पेशव्यांच्या काळात बांधलेला नळ जमिनीखालून शहरात जातो. वाटेत जागोजागी त्याचे उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे, उभे आहेत, दगडी, माणसाहून उंच. माझी शारजा एका उच्छ्वासाला कान लावते. आतून पाण्याचा आवाज येतो. हेच पाणी पुढे पेठांमधल्या हौदांत पडणार आणि त्या हौदांना तिनं शिवायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

(पडद्यावर गंज पेठ. वाड्याचं दार, आतलं अंगण.)

गंज पेठेतल्या जोतीरावांच्या या वाड्यानं असे पाहुणे पाहिले होते. १८४९ साली समाजाच्या दडपणाखाली जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख या मित्रानं त्यांना आपल्या घरात जागा दिली. त्याच मैत्रीतली फातिमा, शाळेच्या कामातली सावित्रीबाईंची सोबतीण. १८५६च्या पत्रात आजारी सावित्रीबाई नायगावहून तिच्या कष्टांची काळजी करतात. १८६३ साली जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं यावं, बाळंत व्हावं, जिवंत राहावं. त्यामुळे सहा महिन्यांच्या पोटाकडे या घरात कुणी वर-खाली बघितलं नसणार. दार उघडणारा माणूस स्वतः बायकोला घेऊन असाच एकदा रस्त्यावर आला होता.

त्याच वर्षी, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला.

माझ्या कथेचं शेवटचं पान त्या हौदापाशी आहे. शारजा तीन दिवस चालून आलीय. ती काठापासून चार हात लांब थांबते, खाली बसते आणि ओंजळ पुढे करते, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. जन्मभर तिनं असंच पाणी प्यायलंय. घरातली एक बाई येते. शारजाच्या ओंजळीत ती रिकामा तांब्या ठेवते, हौदाकडे बोट दाखवते आणि चुलीवरचं बघायला आत निघून जाते.

(पडद्यावर हौदाचं पाणी. त्यात तांब्या बुडतो.)