पाच शिलिंग घ्या आणि मला सोडा

मंडळी, आपलं संविधान 26 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेनं स्वीकारलं. त्यासाठी मुंबई प्रांताच्या विधानसभेत मतदान घ्यावं लागलं नाही. अमेरिकेत मात्र 17 सप्टेंबर 1787 ला फिलाडेल्फियात 39 जणांनी सह्या केल्या, तेव्हा हातात होता तो संविधानाचा नुसता मसुदा. तो घेऊन राज्याराज्यांच्या दारात जायचं होतं.

राज्यांना जोडणाऱ्या आधीच्या करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. ऱ्होड आयलंडनं तर फिलाडेल्फियाला माणूससुद्धा पाठवला नव्हता. म्हणून मसुदा लिहिणाऱ्यांनी त्यातच कलम घातलं: तेरांपैकी नऊ आले की पुरे. खेळणाऱ्यांनीच डावाचे नियम बदलावेत तसं. शिवाय संमती विधिमंडळांनी नाही, त्यासाठीच निवडलेल्या परिषदांनी द्यायची. हे मला हुशारीचं वाटतं. ज्यांचे अधिकार कमी होणार, त्यांनाच विचारलं तर ते काय सांगणार?

पण परिषद बोलावणार विधिमंडळच. पेनसिल्व्हेनियात विरोधक सभागृहात फिरकलेच नाहीत. गणपूर्तीला 46 हवेत, हजर 44. 29 सप्टेंबरला जमाव गैरहजर दोघांच्या मुक्कामी घुसला आणि त्यांना ओढत सभागृहात घेऊन आला. त्यांतले मॅकॅल्माँट म्हणाले, गैरहजेरीचा दंड पाच शिलिंग ना, हे घ्या आणि मला सोडा. सोडलं नाही. 46 भरले, परिषदेचा ठराव झाला आणि डिसेंबरात ती 46 विरुद्ध 23 मतांनी 'हो' म्हणाली. त्याच्या पाच दिवस आधी डेलावेअरनं 30-0 असा पहिला नंबर पटकावला होता. न्यू जर्सी, जॉर्जिया, कनेटिकट यांनीही फार खळखळ केली नाही.

खरं नाट्य बॉस्टनला. मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेत सुरुवातीला विरोधकच जास्त. नागरिकांच्या हक्कांची सनद कुठाय, हा त्यांचा प्रश्न. आणि तो रास्तच होता. एकानं भीती घातली की हे वकील आणि पैसेवाले आपल्यासारख्या लहान माणसांना गिळून टाकतील. त्यावर जोनाथन स्मिथ नावाचा शेतकरी उठला. मी नांगरावर पोट भरणारा माणूस, म्हणाला, पण अराजक कसं असतं ते मी पाहिलंय. आदल्याच वर्षी कर्जबाजारी शेतकऱ्यांचं बंड त्याच्या भागात होऊन गेलं होतं.

अध्यक्ष होते गव्हर्नर जॉन हॅनकॉक. पण ते गाउटनं, म्हणजे सांधे सुजण्याच्या दुखण्यानं, अंथरुणावर. बहुमत कुठं झुकतंय ते दिसलं की त्यांची प्रकृती सुधारेल, असं संविधानाचा समर्थक रुफस किंगनं पत्रात खवचटपणे लिहून ठेवलंय. या समर्थकांनी मग हॅनकॉकना शब्द दिला: गव्हर्नरपदाला आमचा पाठिंबा, आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं राज्य व्हर्जिनिया बाहेर राहिलं तर राष्ट्राध्यक्षपदासाठी तुमचंच नाव. जानेवारीच्या अखेरीस पाय गुंडाळलेले हॅनकॉक उचलून सभेत आणले गेले. त्यांनी तोडगा मांडला: आधी मंजुरी द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. 6 फेब्रुवारी 1788 ला 187 विरुद्ध 168. दहा मतं इकडची तिकडं गेली असती तर?

हा तोडगा पुढं बहुतेक राज्यांनी उचलला, आणि त्यातूनच 1791 च्या दहा दुरुस्त्या आल्या. म्हणजे आज अमेरिकी माणूस ज्या हक्कांचा दाखला देतो, त्यांचं बरंचसं श्रेय हरलेल्यांना आहे.

21 जूनला न्यू हॅम्पशायर नववं ठरलं. व्हर्जिनियात 89-79, न्यूयॉर्कमध्ये 30-27. नॉर्थ कॅरोलिना अडून बसलं, ते नोव्हेंबर 1789 मध्ये आलं.

राहिलं ऱ्होड आयलंड. तिथं 1788 मध्ये थेट जनमत घेतलं, तर बाजूनं 237 आणि विरोधात 2,700 च्या वर. वॉशिंग्टननं शपथ घेऊन वर्ष उलटलं तरी हे बाहेरच. शेवटी सेनेटनं त्याच्याशी व्यापार बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं, प्रॉव्हिडन्स शहर राज्यातून फुटून निघायची भाषा करू लागलं. 29 मे 1790 ला परिषदेत मोजणी झाली: 34 विरुद्ध 32. एकजण फिरला असता तर 33-33.