व्हिलनच्या डोक्यावर फुगा नसतो

कॉमिकमधल्या व्हिलनची एक मोठी सोय असते. मनात काय शिजतंय ते डोक्यावरच्या फुग्यात छापून येतं. सिनेमात फुगा नाही. मग बरेच दिग्दर्शक काय करतात, तर व्हिलनला उभं करून भाषण द्यायला लावतात. तिथंच तो संपतो. हिरोकडे उरते नुसती मारामारी.

नमस्कार मंडळी, इंदूरहून! इथं सानंद या संस्थेची नाटकं बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पात्र खुलतं ते समोर दुसरं पात्र असलं की. माझं म्हणणं एवढंच आहे: व्हिलनला पॉवर कमी द्या, पण समोर माणूस द्या.

२००२ चा ‘स्पायडर-मॅन’ घ्या. त्यातल्या व्हिलनचा, ग्रीन गॉब्लिनचा तो कडक हिरवा मुखवटा! आत विलेम डॅफोसारखा नट, आणि आपण बघतोय हेल्मेट. पण आरशाचा सीन आठवा. मुखवटा नाही, घरात एकटा माणूस, आणि आरशातलं प्रतिबिंब त्याला उलट बोलतंय. फुग्यातला मजकूर दोघांच्या भांडणात आला. २०२१ मध्ये हाच गॉब्लिन परतला तेव्हा त्याने मुखवटा लवकरच फोडून टाकला. बरं केलं.

आता माझा लाडका, स्पायडर-मॅनचाच दुसरा व्हिलन व्हल्चर. १९६३ च्या कॉमिकमध्ये हा हिरवी पिसं लावलेला टकला म्हातारा. २०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये मायकल कीटन झाला ढिगारे उपसणारा ठेकेदार. सरकारी खातं येतं, काम काढून घेतं. ह्याने गाड्या घेऊन ठेवल्यात, माणसं कामाला लावलीत. असा चिडलेला ठेकेदार आपल्याकडे कुठल्याही चौकात भेटेल. पण खरी कमाल गाडीतल्या सीनची. पीटर, म्हणजे मुखवट्याविना स्पायडर-मॅन, ज्या मुलीला पार्टीला नेणार, तिचा बाप निघतो हाच. बाप गाडी चालवतोय, मुलगी शेजारी, पीटर मागे. गप्पा मारता मारता बापाला हिशेब लागतो, की हाच स्पायडर-मॅन. सिग्नल हिरवा होतो, तो उजेड कीटनच्या चेहऱ्यावर पडतो, आणि गाडी हलत नाही. ना पंख, ना स्फोट. कॉमिकमधला हिरवा रंग तेवढा एका क्षणापुरता चेहऱ्यावर.

थॅनोसचं गणित तर मला आजही पटत नाही. १९९१ च्या कॉमिकमध्ये तो अर्धं विश्व मारतो साक्षात मृत्यूदेवीला खूश करायला. २०१८ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये कारण दिलं, साधनं अपुरी पडतात. अहो, २०१८ मधली पृथ्वीची लोकसंख्या निम्मी केली तर आपण साधारण १९७० च्या आसपास पोचतो. पन्नास वर्षांत पुन्हा जैसे थे! तरी तो लक्षात राहतो, कारण गमोराला, जिला त्याने लेक म्हणून वाढवलं, कड्यावरून ढकलताना तो रडतो. उलट २०१३ च्या ‘थॉर: द डार्क वर्ल्ड’मधला व्हिलन मॅलेकिथ. त्याच्या हल्ल्यात थॉरची आई जाते, तरी त्याचं नाव कुणाला आठवत नाही. दोघांत धड संभाषणच नाही.

मग २००८ च्या ‘द डार्क नाइट’मधला, बॅटमॅनसमोरचा जोकर? त्याला ना घर, ना भूतकाळ. तोंडावरच्या जखमांची गोष्टही प्रत्येक वेळी वेगळी. पण बघा, तो सतत कुणाला तरी समोर बसवतोच. चौकशीच्या खोलीत तर बॅटमॅनलाच.

आता आपल्या घरचं. स्टॉलवरून राज कॉमिक्स घेऊन वाचणाऱ्यांनो, हिरो सुपर कमांडो ध्रुवचा व्हिलन ग्रँड मास्टर रोबो आठवतो? अर्धा माणूस, अर्धं यंत्र, डोळ्यातून लेझर. लेझर विसरा. त्याची मुलगी नताशा आणि ध्रुव, यांच्यात प्रेम आहे. अख्खा सिनेमा इथंच पडलाय. एक जेवणाचं टेबल, तिघं जण, आणि पूर्ण सीनमध्ये लेझर एकदाही सुटत नाही. नट मात्र असा हवा की अर्धा चेहरा धातूखाली गेला तरी उरलेल्या अर्ध्यात बाप दिसला पाहिजे. मला एकच नाव सुचतंय, आणि ते कुठल्याही बजेटमध्ये बसणारं नाही. तुम्ही सांगा.