नोटेवरची सही

(दृश्य : भिंगाखाली जुनी नोट)

नोट दहा रुपयांची. चेहरा इंग्लंडच्या राजाचा, सहाव्या जॉर्जचा. आणि सही? ती आपल्या रोह्याच्या माणसाची. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

(दृश्य : कुंडलिका नदी, सकाळ)

ही रोह्याची कुंडलिका. देशमुखांचा जन्म १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावातला. शाळा रोह्याची, तळ्याची, पुढे मुंबईची. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांचीच. मग केंब्रिज. तिथं अर्थशास्त्र घेतलं असेल, असं वाटतं ना? घेतलं वनस्पतिशास्त्र! १९१८ साली आयसीएसच्या, म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेच्या, परीक्षेत पुन्हा पहिले. मध्य प्रांतात वीसेक वर्षं सरकारी चाकरी केली आणि १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले.

(दृश्य : मिंट रोड, बँकेची जुनी इमारत)

ऑगस्ट १९४३ मध्ये ते गव्हर्नर झाले. महायुद्ध चालू होतं. ब्रिटन इथून कापड उचलायचं, पोलाद उचलायचं. त्याचे पैसे लंडनच्या खात्यात पौंडांनी जमा व्हायचे, आणि त्या पौंडांच्या आधारावर बँक इथं रुपये छापायची. माल बोटीतून गेला, नोटा मागे राहिल्या. भाव भडकले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ होता.

(दृश्य : ब्रेटन वूड्सच्या हॉटेलचं छायाचित्र)

जुलै १९४४, अमेरिका. ४४ देश जमलेत, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफचा) मसुदा लिहायला. भारताच्या शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज, जेरेमी रेझमन. पण त्याच शिष्टमंडळात देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ आहेत. मागणी सरळ होती : लंडनमध्ये अडकलेल्या आमच्या पौंडांतले थोडे तरी डॉलरमध्ये मोकळे करा. म्हणजे धनको पारतंत्र्यात, ऋणको साम्राज्याचा मालक! ब्रिटनच्या बाजूनं अर्थतज्ज्ञ केन्स उभे राहिले : हा आमचा आणि आमच्या धनकोंचा आपसातला मामला. मागणी फेटाळली गेली. ती केली मात्र गेली होती, जगासमोर.

पुढे फाळणी झाली. जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचं चलनही याच बँकेनं सांभाळलं. १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारी झाली, जूनअखेर देशमुख पायउतार झाले. नंतरचं अर्थमंत्रिपद आणि मुंबईसाठी १९५६ साली दिलेला राजीनामा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे.

(दृश्य : नोट प्लास्टिकच्या पाकिटात परत जाते)

नोटा जमवणारे राजाचा चेहरा बघत नाहीत, सही बघतात. देशमुखांच्या आधीचे गव्हर्नर टेलरसाहेब, त्यांच्या सहीची नोट वेगळ्या पानावर, देशमुखांची वेगळ्या.