डमी कुणाच्या मापाचा?

गाड्यांच्या धडकेच्या चाचणीत माणसाऐवजी बसवतात त्या पुतळ्याचा, म्हणजे डमीचा, हा स्लो मोशन शॉट नीट बघा. स्लेडवरच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या सरकत्या पाटावरच्या, सीटला मागून धक्का बसतो, पाठ पुढे सरकते आणि डोकं मात्र मागेच राहतं, मधल्या मध्ये मान ताणली जाते. गाडीला मागून हळू ठोकर बसली तरी लोक मान धरून बसतात ते यामुळेच, आणि सगळा खेळ पापणी लवायच्या आत उरकतो.

आता हा दुसरा डमी. हायब्रिड थ्री, समोरच्या धडकेसाठीचा, जनरल मोटर्सने 1976 मध्ये केलेला. मान सुटी करून ठेवलीय, बघा, अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या, त्यांच्यामध्ये रबर, आणि मधोमध ओवलेली स्टीलची केबल. बरगड्याही स्टीलच्या. डोकं काढून 376 मिलिमीटरवरून स्टीलच्या प्लेटवर पाडतात, रीडिंग ठरलेल्या हद्दीत आलं तरच ते टेस्टला चालतं. इतकी बारीक काळजी! आणि माप? उंची साधारण 175 सेंटिमीटर, वजन 78 किलो, म्हणजे सरासरी पुरुष.

बाईचा डमी पण होता की, असं कुणी म्हणेल. होता, पण जेमतेम 150 सेंटिमीटर आणि 49 किलोचा, तोही बराचसा पुरुषाचाच डमी आटवून केलेला. सरासरी बाईच्या मापाचा मात्र नव्हता. यात कुणाचा डाव वगैरे नव्हता हो, टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना सीट नीट बसत होती, मग विषय काढणार कोण.

या ऍस्ट्रिड लिंडर, स्वीडनच्या इंजिनिअर. मागून होणाऱ्या धडकेसाठी बायोरिड नावाचा डमी आहे, तोही पुरुषाच्याच मापाचा, त्याच्यावर त्यांनी आधी काम केलेलं. मानेची ही दुखापत बायकांना जास्त होते हे 1960 च्या दशकापासून आकड्यांत दिसत होतं. 2022 मध्ये लिंडर आणि त्यांच्या टीमने सरासरी बाईच्या मापाचा सेट 50 एफ हा डमी समोर आणला, 162 सेंटिमीटर, 62 किलो. पहिल्या शॉटमध्ये सीटवर बसलेली हीच.

पण लॅबमध्ये डमी तयार झाला म्हणजे गाड्या बदलल्या असं नाही. नियमात जो डमी लिहिलाय तोच कंपन्या बसवतात, त्यामुळे टीममध्ये बाई घेतली एवढ्याने भागत नाही, नियम लिहिणाऱ्या कमिटीतही ती हवी. वयस्कर, गरोदर, जाड माणसांच्या मापाचे डमीही रिसर्चमध्ये थोडेफार आहेत, ते मात्र आम्हाला शूट करायला मिळाले नाहीत.